‘मोकळीक’ काढण्याचा खटाटोप

मुक्काम कळंब,
गुरुवार, दुपारचे तीन

ती. गुंडप्पामामांच्या सेवेशी,

शिवलिंगचा शरणार्थ. मामींनाही सांगावा. आम्ही इकडं बरे आहोत, म्हणजे मला थोडा खोकला आहे आणि महानंदाचा आवाज ठणठणीत आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल तुम्ही स्वतः लावावं, बैलाला लावू नये. (मागच्या खेपेला सास्तूरला आलो तेव्हा बैलाच्या खांद्याला त्या तेलाचा वास येत होता आणि बैल तुमच्यापेक्षा चांगला चालत होता, म्हणून लिहिलं.)

खिशात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. तर मामा, फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकता आणि ‘बरं बरं, ठेव’ म्हणता. पत्र मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, वर कोपऱ्यात आवक क्रमांक टाकता आणि उत्तर दिल्याशिवाय फायलीला लावत नाही. तेहतीस वर्षं तहसिलीत काढलेल्या अव्वल कारकुनाची ही सवय आज माझ्या कामाची आहे. शिवाय शिवलिंगनं सरकारविरुद्ध पत्रक काढलं आणि त्याच्या घरी पोलीस आले, अशी बातमी सास्तूरला पोचल्याचं कळलं. यातलं पोलीस आले एवढंच खरं आहे, आणि ते आम्हीच बोलावले होते.

मी काढलं ते पत्रक नव्हे, अभ्यासपत्रिका. विषय व्यक्तिस्वातंत्र्यवाद. म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीनं जगू द्यावं. तो दुसऱ्याला इजा करत नाही तोवर कुणी त्याच्या आडवं जाऊ नये. सरकारनं तर मुळीच जाऊ नये. (हाच विचार मी गेली एकवीस वर्षं सरकारी अनुदानाच्या पगारावर शिकवतो, असं तुम्ही रणधीरच्या धाकट्या मेव्हण्याच्या लग्नात भर पंगतीत म्हणाला होता. तेव्हा तोंडात जिलेबी होती म्हणून उत्तर दिलं नाही. आता तोंड रिकामं आहे, पण उत्तर अजून सापडलेलं नाही. भूकंपानंतर आपलं घर कुणी बांधून दिलं, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी दरवेळी ‘तो अपवाद’ म्हणून पाणी मागतो, तेही तुमच्या ध्यानात आलंच असेल.)

पत्रिका काढायची वेळ का आली, ते सांगतो. दोन वर्षांमागं माझा एक लेख लांबच्या एका भारदस्त पत्रिकेत छापून आला. लेखाचं नाव ‘ज्ञानाला लावलेली कुलपं’. महानंदाला दाखवावा म्हणून उघडायला गेलो तर लेखाला कुलूप. सभासद व्हा, मगच वाचा. मी कळवलं की अहो, मी त्याचा लेखकच आहे. उत्तर आलं, लेखक असल्याचा पुरावा जोडा. पुरावा म्हणजे लेख, आणि लेख कुलपात! चार महिने हा पत्रव्यवहार चालला. पाचव्या महिन्यात मी कॉलेजातून येताना रस्त्यातच मोटारसायकल थांबवली आणि ठरवलं की आपणच पत्रिका काढायची. इंटरनेटवर. येईल त्यानं वाचावं, वर्गणी नाही, परवानगी नाही. नाव ‘मोकळीक’.

पहिली बैठक बलभीमशेठच्या आडतीत झाली. बलभीमशेठ म्हणजे इथले धान्याचे आडते, माझे जुने मित्र. आम्ही चौघं सोयाबीनच्या पोत्यांवर बसलो होतो: मी, बलभीमशेठ, बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणारा तौसिफ (त्याला संगणकातलं सगळं येतं, आणि येत नसलं तरी तो ‘हो जाता सर’ म्हणतो), आणि आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी अर्पिता. मूळची तामलवाडीची. गेली चार वर्षं दर जूनला तिची नेमणूक नव्यानं होते. बोलते कमी, वाचते फार. मी मूलतत्त्वं वाचून दाखवली. इथं कुणी मुख्य नाही. कुणावर सक्ती नाही. लेखकाला मुदत घालायची नाही, कारण मुदत ही सक्तीच होय. छापलेला लेख लेखकाच्या मर्जीशिवाय हलवायचा नाही. बलभीमशेठनं मध्येच विचारलं की यानं बाजार समितीचा जाच थांबतोय का. मी म्हटलं, विचारानं हळूहळू सगळंच थांबतं. ते म्हणाले, “मग लई झ्याक. घ्या चहा.”

मुदत नसल्यामुळं लेख आलेच नाहीत. आठ महिने वाट पाहिली. ओळखीच्या प्राध्यापकांना आठवण करावी, तर आठवण करणं हा दबाव आहे की नाही यावरच आमची एक बैठक खर्ची पडली. (दबाव आहे, असं ठरलं. ते ठरवायला मतदान घेतलं, आणि बहुमतानं अल्पमतावर सक्ती केली म्हणून मीच सभात्याग केला. पोत्यावरून उतरताना पॅन्ट फाटली.) शेवटी तौसिफ म्हणाला, सर, लोकांना सोपा फॉर्म पाहिजे, मी करतो. त्यानं दोन दिवसांत फॉर्म करून संकेतस्थळावर टाकला आणि मी तो न तपासता, लेखकांनी लाभ घ्यावा, असं आवाहन जिल्हाभरच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवून दिलं.

आठवड्यात त्रेचाळीस फॉर्म आले. मला भरून आलं. धाराशिव जिल्ह्यात व्यक्तिस्वातंत्र्याचे त्रेचाळीस अभ्यासक! दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पाच बाया उभ्या. त्यातल्या म्हातारीनं, म्हाळसाबाई तिचं नाव, मला विचारलं, “सायेब, मोकळीक योजनेच्या यादीत आमचं नाव हाय का?”

तौसिफला बोलावलं. झालं होतं असं, की त्यानं नवा फॉर्म करण्यापेक्षा दुकानात तयार असलेला कुठल्याशा योजनेचा फॉर्म उचलला आणि वरचं नाव तेवढं बदललं. त्यामुळं सरकारनं माणसाच्या खाजगी बाबतीत नाक खुपसू नये असं सांगणाऱ्या आमच्या पत्रिकेत लेख पाठवायचा, तर आधार कार्ड, रेशन कार्ड, रहिवासी दाखला आणि दोन फोटो जोडणं सक्तीचं होतं. तळाशी ‘योजनेचा लाभ कशासाठी हवा?’ असा रकाना होता, तिथं त्यानं इमानदारीत ‘मोकळीक कशासाठी हवी?’ असं केलं होतं. फॉर्म भरणाऱ्या त्रेचाळिसांपैकी एकेचाळीस बाया होत्या. तुम्ही हसत असाल. हसा. मी त्या बायांना दारात उभं राहून समजावलं की ही योजना नसून विचारसरणी आहे. म्हाळसाबाई म्हणाली, “मग ती कवा मिळती?” महानंदानं त्यांना आत घेतलं, चहा दिला, आणि त्या गेल्यावर माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

मी सगळे फॉर्म पुसून टाका म्हणालो. अर्पिता म्हणाली, थांबा सर, आधी वाचू तरी. तिनं ती कार्डं, दाखले, फोटो सगळं काढून टाकायला लावलं आणि नाव-गाव व शेवटचा रकाना तेवढा उतरवून घेतला. मग सुट्टीभर ती एसटीनं गावोगाव फिरली, एकेकीला भेटली, तुझं लिहिलेलं नावगाव न देता वापरू का, असं विचारलं. सव्वीस जणी हो म्हणाल्या. आणि जूनमध्ये तिनं माझ्या टेबलावर लेख ठेवला. ‘मोकळीक कुणापासून?’

आता मामा, अभ्यासपत्रिकांचा एक रिवाज असतो. आलेला लेख दोन जाणकारांकडं द्यायचा. लेखकाला जाणकारांची नावं कळू द्यायची नाहीत. आमच्याकडं जाणकार दोनच, मी आणि बलभीमशेठ. लेख मी एका बैठकीत वाचला. तिनं दाखवलं होतं की सव्वीस जणींपैकी सरकारचं नाव दोघींनीच काढलंय. बाकीच्यांना मोकळीक पाहिजे होती ती सासऱ्यापासून, दिरापासून, भावकीपासून, समोरच्या ओट्यावर बसून कोण कधी बाहेर गेलं ते बघणाऱ्या शेजाऱ्यापासून. एकीनं लिहिलं होतं, ‘माहेरी फोन करायला’. एकीनं, ‘बाजारात स्वतः भाजी निवडायला’. सतरा नंबरच्या बाईनं, ‘सासऱ्याला न विचारता एकदा एसटीत बसायला’. आणि शेवटी अर्पिता विचारत होती, की ज्या गाडीत बसून या बाया मोकळ्या होतात ती गाडी, ज्या पासवर पोरी शाळेत जातात तो पास, हे सगळं ज्या सरकारचं, त्यालाच हटवायला निघालेल्या आमच्या सरांनी कधी समोरच्या ओट्याबद्दल का लिहिलं नाही?

म्हणजे माझ्या पत्रिकेच्या पहिल्या अंकात माझ्याच विचाराचे वाभाडे! मी चार पानांचा निनावी अभिप्राय लिहिला. पद्धतशास्त्र कच्चं आहे, किंबहुना नाहीच. नमुना तोकडा आहे, किंबहुना तो नमुनाच नव्हे, वगैरे. लेख नाकारावा. बलभीमशेठनं पोत्यांचं वजन लिहायच्या काटापट्टीच्या पाठीवर अभिप्राय दिला, तो असा: ‘दोनदा वाचला. घरी वाचून दाखवला. मालकीण उठून आत गेली. छापा.’

दुसऱ्या दिवशी अर्पिता विभागात आली, दार लोटलं आणि उभीच राहिली.

“सर, तुमचा अभिप्राय वाचला.”

“माझा कशावरून?”

“चार पानांत अकरा किंबहुना आहेत.”

ती म्हणाली, “लेख नको असंल तर नको. एकच विचारते. यंदा माझे तास ठेवायचे का न्हाई, हे कुणाच्या हातात आहे?”

“विभागप्रमुखाच्या.”

“म्हणजे तुमच्या. सरकारच्या न्हाई ना?”

एवढं बोलून ती निघून गेली. मामा, एकवीस वर्षं मी वर्गात सत्ता म्हणजे काय ते शिकवतो, फळ्यावर बाण काढून. त्या बाणांच्या टोकाला मी स्वतः उभा आहे, हे मला कधी दिसलं नव्हतं. मी रजेचा अर्ज टाकला, घरी येऊन झोपलो आणि झोप लागली नाही. संध्याकाळी उठून तौसिफकडं गेलो आणि तो लेख पहिला लावायला सांगितला. माझं बावीस पानांचं संपादकीय त्याच्या मागं.

अंक निघाला. तीसेक वाचक मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं, असं मी धरून चाललो होतो. कुलूप नसण्याचा अर्थ मला तेव्हा नीट कळलेला नव्हता. तौसिफनं दुवा त्याच्या गिऱ्हाइकांना पाठवला, त्यांनी बहिणींना, बहिणींनी नणंदांना. आठ दिवसांत अर्पिताचा लेख नऊ हजार वेळा उघडला गेला. माझं संपादकीय सहा वेळा. (त्यातले पाच वेळा मीच. सहावा कोण, याचा शोध घेतला. महानंदाचा अंगठा चुकून लागला होता.)

मग एका रविवारी सकाळी तामलवाडीहून जीप आली. आत अर्पिताचे चुलते बजरंगराव आणि भावकीतले चौघे. शंभर किलोमीटर हाणत आले होते, त्यामुळं तापलेले. मी बैठकीत बसवलं, पाणी दिलं. बजरंगराव म्हणाले, “ते सतरा नंबरचं काढून टाका. आमच्या घराची बदनामी हाय ती.”

मी म्हटलं, त्यात नाव नाही, गाव नाही, तुमच्या घराचं कशावरून?

“नाव नसंना का! सगळं गाव वळखतंय.”

मी पाणी आणतो म्हणून आत गेलो (पाणी बाहेर तांब्याभर होतं) आणि तौसिफला फोन लावला. म्हटलं, सतरा नंबरपुरतं काही करता येईल का. तो म्हणाला, “सर, तुम्हीच कायदा केलाय ना, लिहिणाऱ्याच्या मर्जीशिवाय हलवायचं नाही म्हणून? मॅडमना विचारा.” आयुष्यात मी एकच कायदा केला मामा, आणि तो माझ्यावरच उलटला. बाहेर आवाज चढले होते. एकानं टीपॉयवर मूठ आपटली, माझ्या प्रबंधाची प्रत खाली पडली. मग मी बाहेर आलो आणि ठामपणे सांगितलं की लेख निघणार नाही. तोवर महानंदानं स्वयंपाकघरातून एकशे बारा नंबर फिरवलेला होता, आणि अर्पितालाही कळवलं होतं.

पोलिसाची गाडी दहा मिनिटांत आली. मी ज्या यंत्रणेविरुद्ध बावीस पानं लिहिली तिला बघून माझ्या जिवात जीव आला, हे मी फक्त तुम्हाला लिहितोय, पुढं सांगू नये. हवालदार वयस्क होते. त्यांनी विचारलं, भांडण कशावरून? लेखावरून. लेख कुणी वाचलाय? बजरंगरावांनी वाचलेला नव्हता. चौघांपैकी कुणीच नाही. त्यांनी फक्त ऐकलं होतं. हवालदार म्हणाले, “मग वाचा की राव. माझा चष्मा न्हाई, मोठ्यानं वाचा.”

अर्पिता तोवर आली होती. तिनं वाचायला सुरुवात केली. पाच पाहुणे, हवालदार, आम्ही दोघं, आणि खिडकीतून आमचे शेजारी (समोरच्या ओट्यावरचे). सतरा नंबर आला, तोही तिनं बाकीच्यांसारखाच वाचला. पुढं बाविसावं वाचत असताना जीप चालवणारा गडी हळूच म्हणाला, “आमची बी हेच म्हणती.” कुणी त्याला गप्प बस म्हणालं नाही. वाचून झालं. अर्पिता चुलत्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, “काका, तुम्ही म्हणा की हे खोटं आहे. इथंच, सगळ्यांसमोर. आत्ता काढते.”

बजरंगरावांनी टोपी काढून हातात घेतली. खोटं आहे असं ते म्हणाले नाहीत. खरं आहे असंही नाही. “ऊन चढायच्या आत निघू,” एवढं म्हणाले आणि उठले. महानंदानं आग्रह करून चहा पाजला, तो प्याले. जाताना अर्पिताच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांच्या मनात आलेलं मला दिसलं; पण हात खिशात गेला.

मागच्या आठवड्यात अर्पिताला गावाकडून कळलं, की त्यांची सून एकटी एसटीनं तुळजापूरला जाऊन आली. परतायच्या वेळेला बजरंगराव फाट्यावर येऊन उभे होते. सुनेला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालू लागले. अर्पिता हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. तिची यंदाची नेमणूक झाली आहे. मी विभागप्रमुखपद सोडतो म्हणालो, तर ती म्हणाली, सोडू नका सर, फक्त दार उघडं ठेवून बसत जा.

असो. फार लांबलं. मामींना नमस्कार, रणधीरला आशीर्वाद, बैलाची काळजी घ्यावी.

तुमचा भाचा,
शिवलिंग

ता.क. पत्र महानंदानं वाचलं. ती म्हणते खरं तेवढंच पाठवा. तर वर मी ‘ठामपणे सांगितलं’ असं लिहिलंय, तिथं ‘बघू म्हणालो’ असं वाचावं. ‘लेख निघणार न्हाई’ हे स्वयंपाकघरातून महानंदा म्हणाली होती.

ता.क. २. मूळ मुद्दा राहिला. तुमची नात आरोही मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून सोमवारी घरून निघाली, ती आमच्याकडं आली आहे. सुखरूप आहे, जेवते-खाते, तिच्या वडलांना, रणधीरला, आम्ही त्याच दिवशी कळवलं. तुम्हाला सांगायचं धाडस त्याला झालं नाही, म्हणून ते माझ्याकडं आलं. पोरगी बी.ए.ला विद्यापीठात पाचवी आली. हैदराबादला कायद्याच्या शिक्षणाला तिचा नंबर लागलाय. तुम्ही ‘नको’ म्हणालात. का नको, असं तिनं विचारलं तर तुम्ही उठून गोठ्यात गेलात, असं ती सांगते. अर्पिताचा लेख तिनं सास्तूरला फोनवर चार वेळा वाचला. मी तिला काही शिकवलेलं नाही, मामा. माझं संपादकीय तिनं उघडलेलंही नाही.

ता.क. ३. सोबत वसतिगृहाचा अर्ज जोडला आहे, शेवटची तारीख पुढचा बुधवार. रहिवासी दाखलाही लागतो. इकडं तौसिफ म्हणतो आठ दिवस लागतील. तुम्ही लोहाऱ्याला नुसते उभे राहिलात तरी दोन दिवसांत होईल. सरकारचा आमच्यासाठी एवढा एकदा उपयोग करावा. पान तीनवर तळाशी ‘पालकाची संमती व सही’ असा रकाना आहे. एकवीस वर्षांच्या मुलीच्या अर्जावर तो नसावा असं माझं मत आहे, पण तो आहे, आणि रणधीर म्हणतो, अप्पांनी केल्याशिवाय मी करणार नाही. आरोही म्हणते, आजोबांची संमती नसली तरी चालंल, नुसती सही द्या म्हणावं. हे ती माझ्याकडं न बघता, खिडकीबाहेर बघत म्हणाली. तेव्हा मामा, तुम्ही दोन्ही द्यावं.